आश्रयापासून घरापर्यंत : बौद्धिक दिव्यांगांच्या सांभाळाचा इतिहास

जीवदया हा जैन समाजाच्या सार्वजनिक जीवनाचा पाया आहे. १८३४ मध्ये मुंबईत शेठ मोतीशा आणि जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली आणि मुक्या जीवांच्या रक्षणाला संस्थेचे रूप मिळाले. १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना झाली व पाय गमावलेल्या असंख्य माणसांना पुन्हा चालता आले. धर्मशाळा, विद्यार्थी वसतिगृहे, नेत्रशिबिरे, रक्तदान, वैद्यकीय साहाय्य अशी ही परंपरा गावोगावी फुलली आहे. तथापि या सेवापरंपरेच्या कडेला एक प्रश्न दीर्घकाळ उभा आहे. ज्या घरात बौद्धिक दिव्यांग मूल आहे, त्या घरातील माता-पित्यांच्या मनात तो रात्रंदिवस असतो आणि क्वचितच ओठावर येतो. तो प्रश्न असा : आमच्या पश्चात याचे कोण?

हा प्रश्न शिबिराने सुटत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका दिवसात होते, कृत्रिम पाय थोड्या अवधीत बसवता येतो आणि दात्याला समाधान घेऊन घरी जाता येते. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला लागणारा आधार मात्र जन्मभराचा असतो. तो रोजचा, सकाळच्या दात घासण्यापासून रात्रीच्या निद्रेपर्यंतचा असतो. म्हणूनच या क्षेत्रात इमारत उभारण्यापेक्षा तिच्यातील जीवनाचा दर्जा राखणे अधिक कठीण ठरते. जगाच्या इतिहासाने हे अनेकदा, आणि फार मोठी किंमत देऊन, शिकवले आहे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या इतिहासाचे अवलोकन उद्बोधक ठरावे.

संज्ञेविषयी थोडेसे

पूर्वी ‘वेडसर’, मग ‘मतिमंद’ आणि आता ‘बौद्धिक दिव्यांग’ असा शब्दांचा प्रवास झाला आहे. ही अवस्था म्हणजे मनोरुग्णता नव्हे. मनोरुग्णता हा आजार असून तो कोणत्याही वयात जडू शकतो व उपचारांनी आटोक्यात येऊ शकतो. बौद्धिक अक्षमता ही जन्मापासून अथवा बालवयापासून असलेली स्थिती आहे. तिच्यात समजणे, शिकणे आणि दैनंदिन व्यवहार सांभाळणे यांना मर्यादा पडते. भारतीय कायद्यातही हा भेद उशिरा आला. १९१२ च्या लुनसी कायद्याची जागा घेणाऱ्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्वाला मनोरुग्णतेच्या व्याख्येतून वगळले. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद या वर्गात झाली.

वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे हा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ च्या सुमारास अवघे २५ वर्षे होते. आता ते ६० वर्षांच्या घरात गेले आहे. पूर्वी बहुधा आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत संपणारे आयुष्य आता त्यांच्या मागे उरते. एकत्र कुटुंबात काका-काकू, आत्या, वहिनी यांच्या आधाराने ते निभावून जाई. दोन खोल्यांच्या सदनिकेत आणि परदेशी गेलेल्या भावंडांच्या काळात तसे होईलच, याची खात्री उरलेली नाही.

करुणेतून उभ्या राहिलेल्या भिंती

या क्षेत्रातील सर्वाधिक बोलका इतिहास इंग्लंडचा आहे. तेथे सरे परगण्यात १८५५ मध्ये अर्ल्सवूड येथे बौद्धिक दिव्यांगांसाठी मोठा आश्रम सुरू झाला. त्यापूर्वी ही माणसे वेड्यांच्या इस्पितळात, कारागृहात वा दरिद्री-आश्रमात टाकली जात. त्यांना शिकवता येते, या विश्वासाने दात्यांनी हा आश्रम उभारला होता. १८५८ ते १८६८ या काळात त्याचे प्रमुख असलेले डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये ज्या लक्षणसमूहाचे वर्णन केले, तोच पुढे त्यांच्या नावाने ओळखला गेला. प्रारंभीचा हेतू शिकवून पुन्हा घरी पाठविण्याचा होता. परंतु घरी जाणाऱ्यांपेक्षा राहणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि शाळेचा आश्रम व आश्रमाचा कोंडवाडा होण्यास फार काळ लागला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी करुणेची जागा भीतीने घेतली. मंदबुद्धीची माणसे समाजाचा वंश बिघडवतील, या अशास्त्रीय समजुतीतून १९१३ चा ‘मेंटल डेफिशियन्सी ॲक्ट’ संमत झाला. माणसांचे वर्ग पाडून त्यांना गावापासून दूरच्या वसाहतींत ठेवण्यात आले. स्त्री-पुरुष वेगळे केले गेले. धुलाईघरे, शेते आणि स्वयंपाकघरे याच रहिवाशांच्या जवळजवळ फुकट श्रमांवर चालत. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर या वसाहतींना रुग्णालय हे नाव मिळाले. पाटी बदलली, दिनक्रम तोच राहिला. एका दालनात पलंगाला पलंग लागलेले असत, सामाईक कपडे असत आणि वाढदिवस कोणाचाच नसे.

या स्थितीला पहिला तडा दिला तो पालकांनी. १९४६ मध्ये ज्यूडी फ्रायड या मातेने अशा मुलांच्या पालकांची संघटना स्थापन केली. तीच पुढे ‘मेनकॅप’ या नावाने विख्यात झाली. दुसरा तडा संशोधनाने दिला. १९५८ मध्ये जॅक टिझार्ड यांनी लंडनच्या फाउंटन रुग्णालयातील १६ मुलांना ब्रुकलँड्स नावाच्या एका मोठ्या घरात हलविले आणि तशाच १६ मुलांची प्रगती रुग्णालयात राहू देऊन पाहिली. घरात छोट्या गटांत, ओळखीच्या माणसांच्या हाताखाली, खेळत-बागडत वाढलेली मुले बोलण्यात व भावनिक स्थैर्यात स्पष्टपणे पुढे गेली. मुले तीच आणि अक्षमता तीच असूनही राहणीमानाने फरक पडला, ही गोष्ट पुढच्या साऱ्या बदलाचा आधार ठरली.

‘एली’चा अहवाल

तरीही मोठ्या रुग्णालयांचा पाया हलण्यास एक घटना कारण व्हावी लागली. ऑगस्ट १९६७ मध्ये कार्डिफ येथील एली रुग्णालयातील एका साहाय्यकाने रहिवाशांना होणारी मारहाण व त्यांच्या अन्न-वस्त्रांची चोरी यांविषयी केलेले आरोप वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. जेफ्री हाऊ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने मार्च १९६९ मध्ये अहवाल दिला. मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तो काहीही न झाकता प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. राज्यकर्त्यासाठी हा निर्णय सोपा नव्हता.

अहवालातील मर्म आजही विचारात घेण्याजोगे आहे. तेथे घडलेल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी मुद्दाम केलेली क्रूरता नव्हती. जुनाट व खडबडीत सवयी, अपुरी माणसे, दाटीवाटी, बाहेरच्यांची ये-जा नसणे आणि तक्रार करणाऱ्यालाच त्रास होणे, अशी ती मुळे होती. म्हणजेच तेथील माणसे बहुतांशी राक्षस नव्हती. ती बेफिकीर झाली होती आणि त्यांना पाहणारे कोणी नव्हते. १९७१ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून २० वर्षांत रुग्णालयांतील जागा निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

सामान्य जीवनाचा विचार

याच सुमारास उत्तर युरोपातून एक साधा विचार पुढे आला होता. डेन्मार्कमध्ये नील्स एरिक बँक-मिकेल्सन यांच्या प्रयत्नांतून १९५९ चा कायदा झाला. बौद्धिक दिव्यांगांचे जीवन इतरांच्या जीवनाच्या शक्य तितके जवळ असावे, असे त्याचे सूत्र होते. स्वीडनच्या बेंग्ट निर्जे यांनी १९६९ मध्ये त्याची तात्त्विक मांडणी केली. दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला एक स्वाभाविक लय असते. माणूस राहतो एका जागी, कामाला जातो दुसऱ्या जागी. त्याला सुट्टी असते, सण असतात, आवडीनिवडी असतात. ही लय कोणाकडूनही हिरावून घेऊ नये, एवढेच निर्जे यांचे म्हणणे होते.

या विचारातून प्रथम छोटी सामूहिक घरे आली आणि नंतर साहाय्ययुक्त निवास ही कल्पना रूढ झाली. तिचा गाभा असा, की घर आणि आधार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. घर त्या व्यक्तीच्या नावे भाड्याने वा मालकीने असते आणि किल्ली तिच्याकडे असते. आधार देणारी संस्था निराळी असते. संस्थेचे काम समाधानकारक नसेल तर संस्था बदलते, माणसाचे घर सुटत नाही. वसतिगृहात याच्या उलट घडते. तेथे तक्रार केली तर छप्पर जाण्याची भीती असते आणि म्हणून कोणी तक्रार करीत नाही. १९९० च्या कायद्याने इंग्लंडात समाजातच सेवा देण्याच्या धोरणास बळ दिले. २००१ च्या सरकारी धोरणपत्राने हक्क, स्वावलंबन, निवड आणि समावेश ही चार तत्त्वे स्वीकारली.

लहान घर म्हणजे चांगले घर नव्हे

येथे इतिहासाने आणखी एक धडा दिला. मोठी इस्पितळे बंद झाली म्हणजे सर्व काही साधले, असा समज अल्पावधीत खोटा ठरला. केंट विद्यापीठातील जिम मॅन्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे लहान घरांतील जीवनाचा अभ्यास केला. सारख्याच घरांत, सारख्याच खर्चात, सारख्याच अक्षमतेच्या व्यक्तींचे जीवनमान अगदी भिन्न असू शकते, असे त्यांना आढळले. काही घरांत कर्मचारी स्वयंपाक करीत, कपडे धूत, बाजार आणीत आणि रहिवासी दिवसभर कोचावर बसून राहत. घर स्वच्छ असे आणि जीवन रिकामे.

यावर त्यांनी मांडलेला उपाय ‘सक्रिय साहाय्य’ म्हणून ओळखला जातो. कर्मचाऱ्याने माणसासाठी काम करायचे नाही, माणसाबरोबर करायचे. चहा करायचा असेल तर एखाद्याला फक्त आठवण द्यावी लागेल, दुसऱ्याला दाखवावे लागेल, तिसऱ्याच्या हाताला हात लावून गाळणी धरावी लागेल. परंतु ज्याला काहीच जमत नाही असे वाटते, तोही कपात साखर घालू शकतो. थोडे थोडे, वारंवार, गरजेपुरताच आधार आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची निवड, हेच त्या पद्धतीचे सार. अशा घरात चहाला वीस मिनिटे लागतात, पण त्या वीस मिनिटांत एक माणूस जगलेला असतो.

ज्या ठिकाणी ही वृत्ती नव्हती, तेथे काय झाले याचे उदाहरण ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयाचे आहे. ते जुनाट इस्पितळ नव्हते. ते २४ खाटांचे, नवे आणि महागडे होते. दर आठवड्याला प्रत्येक रुग्णामागे सरासरी ३,५०० पौंड शुल्क घेतले जाई. ३१ मे २०११ रोजी बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले तेथील चित्र दाखविले. रहिवाशांना जमिनीवर दाबून धरणे, मारणे, थंड पाण्याखाली उभे करणे असे प्रकार देशाने पाहिले. एका माजी परिचारकाने त्यापूर्वीच व्यवस्थापनाला व नियामक यंत्रणेला कळविले होते, पण वेळेवर दखल घेतली गेली नाही. रुग्णालय बंद झाले, ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली व त्यांपैकी सहा जणांना कारावास भोगावा लागला. पैसा, इमारत आणि परवाना ही गुणवत्तेची हमी नव्हे, हे यातून सिद्ध झाले.

हिंसा नेहमी दिसतेच असे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चौकशीत आढळले, की बौद्धिक दिव्यांग पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे आधी मृत्यू पावतात. दुखणे सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्याला ते स्वभावदोष वाटते, हे त्यामागील एक कारण. २०१५ मध्ये तेथील आरोग्य विभागाने अंदाज वर्तविला, की ३० ते ३५ हजार प्रौढ बौद्धिक दिव्यांगांना योग्य निदान नसताना मनोविकारांची औषधे रोज दिली जात आहेत. ओरडणाऱ्या माणसाला काय हवे आहे हे शोधण्यापेक्षा गोळी देणे सोपे असते.

भारतातील वाटचाल

भारतात या कार्याचा आरंभ घरातूनच झाला. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपली मुलगी जय हिच्या निमित्ताने सुरू केलेली शाळा ही या क्षेत्रातील अग्रणी संस्था होय. १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मतिमंदत्वाला अपंगत्वात स्थान दिले. १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्टची स्थापना झाली आणि पालकांच्या पश्चात पालकत्वाचा प्रश्न प्रथमच कायद्याच्या कक्षेत आला. जिल्हा पातळीवरील समितीमार्फत पालक नेमणे, त्याने मालमत्तेची यादी व वार्षिक हिशेब सादर करणे, निरामय आरोग्य विमा, आजीवन निवासाची ‘घरौंदा’ योजना अशा तरतुदी त्यातून आल्या.

२००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने समाजात राहण्याचा आणि कुठे व कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हे तत्त्व देशाच्या कायद्यात आणले.

मात्र येथील इतिहासही निष्कलंक नाही. १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता राखणे अवघड जाते, असे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीच्या दिवसांत मदत करण्यास माणसे कमी होती, म्हणून स्त्रीचा अवयवच काढण्याचा मार्ग निवडला गेला. सांभाळणाऱ्यांची सोय हाच निकष झाला की काय घडते, याचे हे महाराष्ट्रातील उदाहरण होय.

पाच अतिचारांची कसोटी

गुणवत्ता मोजण्याची अनेक आधुनिक परिमाणे आहेत. अमेरिकन संशोधक रॉबर्ट शालॉक यांनी जीवनमानाची आठ अंगे सांगितली : भावनिक स्वास्थ्य, नातेसंबंध, भौतिक स्थैर्य, व्यक्तिविकास, शारीरिक आरोग्य, स्वयंनिर्णय, सामाजिक समावेश आणि हक्क. ती उपयुक्त आहेतच. परंतु जैन श्रावकाजवळ याहून पुरातन अशी एक कसोटी आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाळीव जनावरांच्या संदर्भात ते नेहमी समजावले जातात. वरील इतिहासाशेजारी ठेवून पाहिले तर त्यांचा अर्थ विस्तारतो.

बंध म्हणजे बांधणे : कुलूपबंद दार, जमिनीवर दाबून धरणे आणि विनाकारण दिलेली गोळीही. वध म्हणजे मारहाण : एली आणि विंटरबोर्न येथे जे घडले ते. छेद म्हणजे अवयव कापणे : शिरूरचे प्रकरण. अतिभारारोपण म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे : वसाहतींतील फुकटचे श्रम, आणि एका काळजीवाहकावर वीस माणसांचा भारही त्यातच मोडतो. अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाण्यात अडथळा : एलीतील अन्नाची चोरी. हिंसेच्या व्याख्येत त्याच ग्रंथाने प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. एलीच्या चौकशी समितीला कार्डिफमध्ये जे कारण सापडले, ते याहून फारसे वेगळे नव्हते.

निषेधाला विधायक बाजूही आहे. अंतरंग तपांत वैयावृत्त्याची गणना होते. सेवेला दानात नव्हे, तर तपात बसविणे अर्थपूर्ण आहे. दान एकदा दिले की संपते, तप मात्र रोज करावे लागते.

समाजापुढील कर्तव्य

जैन कुटुंबातील अशा व्यक्तीच्या बाबतीत गुणवत्तेला आणखी एक परिमाण आहे. लहानपणापासून जी व्यक्ती सकाळी आईचे बोट धरून जिनमंदिरात गेली, सूर्यास्तापूर्वी जेवली, जिने कांदा-बटाटा कधी चाखला नाही, पर्युषणात सर्वांना हात जोडून क्षमा मागितली, तिला आई-वडिलांच्या पश्चात दूरच्या वसतिगृहात रात्री आठला काय वाढले जाईल? तिला हे शब्दांत सांगता येणार नाही. ती फक्त ताट दूर सारील आणि नोंदवहीत ‘हट्टी’ असा शेरा पडेल. त्याचबरोबर, एखाद्याला उपवास झेपत नसेल वा नको असेल तर तो लादणे हेही त्याच अतिचारांच्या कक्षेत येते. माणूस ओळखीचा असेल तरच हा तोल साधतो.

यासाठी भव्य वास्तूची आवश्यकता नाही. मंदिर, बाजार व दवाखाना यांच्या जवळ दोन-तीन सदनिका, त्यांत प्रत्येकी तीन-चार रहिवासी, प्रशिक्षित व योग्य वेतन मिळणारे काळजीवाहक, आणि ज्यांचा व्यवस्थापनाशी संबंध नाही अशा भगिनी-बंधूंची न कळविता जाणारी भेट समिती, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. घर आणि व्यवस्थापन यांचे हिशेब व जबाबदारी वेगळी असावी. पालक हयात असतानाच, आधी एक रात्र, मग आठवडा, अशा क्रमाने मुलाला तेथे रुळू द्यावे. त्याच्या आवडी, भीती, औषधे, दुखले की तो काय करतो, हे सारे आईने आपल्या हाताने एका वहीत लिहून ठेवावे. ती वही कोणत्याही मृत्युपत्राहून कमी मोलाची नाही. पालकत्वाचा अर्जही वेळीच करावा.

पन्नास वर्षांत ट्रस्टच्या इमारतींवर अनेक दात्यांची नावे कोरली गेली, ते योग्यच आहे. या कार्यात मात्र संगमरवरी पाटी लावण्याजोगी जागा फारशी नसते. येथील यश एवढेच, की एखाद्या सायंकाळी, दिवस मावळण्याच्या आत, एका साध्या सदनिकेत एक प्रौढ मुलगा स्वतःच्या हाताने ताट घेतो, शेजारचा माणूस त्याला नावाने हाक मारतो आणि दाराची किल्ली त्याच्याच खिशात असते. ज्या माता-पित्यांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल, त्यांना अखेरच्या घटकेला समाधिभाव धारण करणे सुलभ होईल. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पन्नास वर्षांत समाजाने हे कार्य हाती घेतले, तर जीवदयेची परंपरा अधिकच तेजस्वी होईल.